टेटूची बंद शेंग

मी बॉटनी शिकवणारा माणूस. स्टाफरूममध्ये भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यांत मोठ्याने हसणारा मीच असायचो... आता हसत नाही.

मला शेंगांचे फोटो काढायचा नाद आहे. काळ्या कापडावर शेंग ठेवायची, फोकस केसभर सरकवत तिच्या चाळीस फ्रेम घ्यायच्या आणि त्या जोडून एक फोटो करायचा. आमचं घर भिवंडीत, खालीच लूमचा कारखाना. लूम चालू असले की टेबल थरथरतं, म्हणून हे काम फक्त शुक्रवारी, लूम बंद असतात तेव्हा.

टेटू नावाच्या रानझाडाची ती हातभर लांब शेंग मला पडघ्याच्या बाजारात रानभाजी विकणाऱ्या वेणूबाईने आणून दिली. देताना तिने विचारलं, "मास्तर, घरात कोन पोटुशी न्हाय ना? आसंल तर बंद शेंग न्हेऊ नको. आपसूक उघडली का मंग न्हे."

माझ्या बायकोला, स्नेहाला, सातवा महिना होता. "कोणी नाही," मी म्हणालो. एका शेंगेसाठी चक्क खोटं बोललो!

शुक्रवारी दुपारी चाळीस फ्रेम घेतल्या आणि लॅपटॉपवर एकेक पाहू लागलो. पहिल्या फ्रेममध्ये शेंग बंद. दहाव्या फ्रेममध्ये कडेला फट. विसाव्या फ्रेममध्ये फट बोटभर, आत पापुद्र्यासारख्या पांढऱ्या बिया... दचकून टेबलाकडे पाहिलं. शेंग बंद! बोट फिरवून पाहिलं — घट्ट मिटलेली.

तेवढ्यात आतून स्नेहाची हाक आली, "अहो... कळा येतायत!"

का केलं ते आजही सांगता येत नाही, पण कारखान्यातून आणलेल्या सुताने मी ती शेंग करकचून बांधली, गाठीवर गाठी मारल्या आणि कपाटात टाकली. मग रिक्षा केली. दवाखाना येईपर्यंत कळा थांबल्या होत्या. "खोट्या कळा, होतं असं," डॉक्टर म्हणाल्या.

मुलगी पूर्ण दिवसांची झाली, पहाटे. घरी येऊन मी आधी कपाट उघडलं. सुताच्या गाठी जशाच्या तशा, एक वेढा सैल नाही. आत शेंग रिकामी, आणि बिया कपाटभर.

वाळलेली शेंग उकलते हे मी दरवर्षी शिकवतो. सूत न तुटता कशी उकलली, ते मला ठाऊक नाही.

मुलगी आता दोन वर्षांची आहे, ठणठणीत आहे. स्नेहाला मी फोटो ब्लर आले म्हणून सांगितलंय. ते फोल्डर डिलीट करायचं धाडस होत नाही, उघडायचंही नाही. त्या दुपारी मी विसाव्या फ्रेमपर्यंतच पाहिलं होतं... पुढच्या वीस अजून तशाच आहेत.