कूलरच्या खोलीतला कॉम्प्युटर

खामगाव-चिखली रस्त्यावरच्या उंद्री गावात आमचं घर; घरात कूलर एकच होता. बायकोला बी.पी.चा त्रास, म्हणून तो आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला लावला होता. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायचो. एकुलती एक मुलगी खामगावला कॉलेजात होती. शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन ती मे महिन्यात घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि बाहेरच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू करून बसली.

तिला पुण्याच्या एका संस्थेत अॅनिमेशन शिकायला जायचं होतं. प्रवेशासाठी स्वतः केलेली एक छोटी फिल्म पाठवायची होती. तिनं विषय घेतला होता टिटवीचा. आमच्या वावरात, नांगरून उघड्या पडलेल्या ढेकळांत दरवर्षी टिटवी अंडी घालते, तीच. फिल्म जवळजवळ झाली होती. तिनं ती आईला दाखवली. आईनं निवडत असलेली तुरीची डाळ बाजूला ठेवली, पाहिलं आणि म्हणाली, "चांगली हाय. पण ऊन कडक झालं का टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते अन् मग अंड्यावर बसते. पाह्यलं नाही काय तू कधी?"

पोरगी दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्याला ओढणी बांधून वावरात गेली. परत आली तेव्हा तोंड लालबुंद झालेलं आणि डोळे चमकत होते. तिनं फिल्म पुन्हा करायला घेतली.

अडचण तिथून सुरू झाली. ओली पिसं, त्यातून निथळणारं पाणी, पाण्यावरची चमक, हे सगळं कॉम्प्युटर एकेक चित्र करत रंगवणार आणि अशी शेकडो चित्रं लागणार. आमचा कॉम्प्युटर साधा, चिखलीहून जोडून आणलेला. त्यात लोडशेडिंग. लाईन यायची, थोडं काम व्हायचं, पुन्हा जायची. या चालीनं फिल्म मुदतीत होणार नाही, हे तिनं मला जेवताना सांगितलं आणि ताटावरून अर्धवट उठली.

मग ती एक दिवस चिखलीला गेली, तिथल्या नेट कॅफेत बसून काय काय वाचून आली आणि मला म्हणाली, "बाबा, याचा वेग वाढवता येते. पण मग ते तापते."

"काऊन पळवतं माय त्याले?" मी म्हणालो. "जळलं म्हंजे?"

तिनं मला समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर असतो. कारखान्यानं त्याला एक वेग ठरवून दिलेला असतो, पण त्यापुढंही तो थोडा पळू शकतो. वेग वाढवला की तो अडखळतो. अडखळू नये म्हणून व्होल्टेज किंचित वाढवून द्यावं लागतं. आणि व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते. म्हणून हे तिन्ही सांभाळत थोडं थोडं पुढं जायचं. मला सगळं कळलं असं नाही. तिच्या बोलण्यात भीती नव्हती, एवढं कळलं.

पहिल्या दिवशी पडदा गोठला. दुसऱ्यांदा तर कॉम्प्युटर चालूच होईना. तिनं पेटी उघडली, आतला बटणाएवढा सेल काढला, थोडं थांबून परत बसवला. कॉम्प्युटर पुन्हा जुन्या वेगावर जागा झाला. वेग कमी धरून आणि व्होल्टेज अगदी नखभर वाढवून तिनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी तो टिकला. पण पत्र्याच्या त्या खोलीत दुपारचा टेबल फॅनही झळाच फेकत होता आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढतच होता.

कॉम्प्युटर आमच्या खोलीत आणायचं बायकोनंच सुचवलं. खिडकीतल्या कूलरचं पाणी उडणार नाही अशा बेतानं, बाजूच्या भिंतीला टेबल लावलं. त्यानंतर आमच्या दुपारी त्याच खोलीत जाऊ लागल्या. बायको पलंगावर आडवी व्हायची किंवा चिंचा फोडत बसायची. पोरगी खाली सतरंजीवर. मला तिनं काम दिलं होतं, कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर ठेवायची. सत्तरच्या वर गेला की सांगायचं. मी पेपर वाचता वाचता मध्येच मान वर करून आकडा बोलायचो आणि ती "हाव" म्हणायची. इतकंच आमचं बोलणं. लाईन गेली की तिघंही अंगणात लिंबाखाली जाऊन बसायचो आणि पोरगी रंगवून झालेल्या चित्रांबद्दल सांगत राहायची.

एका दुपारी ती बसल्या जागी झोपली. आदल्या कितीतरी दिवसांची झोप राहिलेली. तेवढ्यात लाईनीचं व्होल्टेज उतरलं. कॉम्प्युटरला यूपीएस होतं, तो चालू राहिला, पण कूलरचा पंखा रेंगाळायला लागला. आकडा चढू लागला. मी तिला उठवायला वाकलो, तर बायकोनं हात धरला. ती पलंगावरून उतरली, स्वयंपाकघरातून धान्य पाखडायचं सूप घेऊन आली आणि उघड्या पेटीसमोर उभी राहून वारा घालू लागली. तिचे हात भरून आले की मी घालायचो. आकडा सत्तरवर जाऊन अडला. पुढं चढला नाही आणि उतरलाही नाही.

पोरीला जाग आली तेव्हा सूप माझ्या हातात होतं. ती आमच्याकडं पाहतच राहिली.

"मले काऊन नाही उठवलं?"

"झोपली होती तू," तिची आई म्हणाली.

पोरीनं कॉम्प्युटर थांबवला, वेग एक पायरी खाली आणला, व्होल्टेजही उतरवलं. फिल्म थोडी उशिरा होईल, म्हणाली, होऊ दे.

फिल्म वेळेत झाली. तिला प्रवेश मिळाला. चिखलीच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसवताना बायको रडली नाही, घरी येऊन रडली. पुढं पोरीला नोकरी लागली, मग ती परदेशी गेली. आता ती सिनेमांसाठी तसलंच काम करते, पाण्याचं, पिसांचं. तिची आई गेली तेव्हा ती आली होती, तेरावं होईपर्यंत राहिली.

आता घरात ए.सी. आहे, तिनंच बसवून दिला. मे महिन्यात जेवण झालं की मी खोलीचं दार लावून पडतो. खोली चांगली गार होते. झोप मात्र येत नाही. कुणीतरी चिंचा फोडत असावं, कुणीतरी सतरंजीवर बसून आपल्या कामात बुडालेलं असावं, आपण काही न बोलता तिथं असावं, एवढं एकच मनात येत राहतं. फोनवर पोरगी म्हणते, बाबा, इकडंच या कायमचे. मी पासपोर्ट काढून ठेवला आहे. मागच्या वेळी मी तिला विचारलं, तुमच्याकडं दुपारी कोण कोण असते घरी. ती म्हणाली, दुपारी कोणीच नसते, बाबा.