खराब मेमरीला वळसा घालणारा माझा दादा

माझ्या भावाला त्याच्या हुशारीनं मारलं.

आज वर्ष झालं. लोक अजून म्हणतात, "मिलिंद भैया जैसा आदमी नहीं."
खरं आहे. पण मला आज त्याचं कौतुक करायचं नाही. मला चिडायचं आहे.

दादाचं शंकर नगरला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान. दुसऱ्यांनी भंगार म्हणून परत पाठवलेली मशीन तो चालू करून द्यायचा.

समता कॉलोनीतल्या एका हार्टच्या डॉक्टरांकडे ईसीजीचा जुना लॅपटॉप होता. सुरू होता होताच बंद पडायचा. दादानं टेस्ट लावली. मेमरीचा एक तुकडा खराब निघाला, आणि मेमरी बोर्डलाच पक्की जोडलेली. बदलता येईना.

मग त्यानं सेटिंगच अशी केली की मशीन सुरू होतानाच सिस्टीमला कळावं, एवढा तुकडा खराब आहे, तिकडे फिरकायचं नाही. लॅपटॉप मस्त चालायला लागला.

मी विचारलं, "असं कसं रे चालते?"

"एक खोली गळते म्हणून घर सोडते काय कोणी? तिले कुलूप लावाचं, बाकीच्या घरात राहाचं."

पण डॉक्टरांना तो बजावायचा, "सर, ये ठीक नहीं हुआ है, बस चल रहा है. खराबी बढ़ती है. हर महीने चेक करना पड़ेगा."
आणि दर महिन्याला स्वतः जायचा. एकदाही चुकला नाही.

हे सगळं मशीनसाठी.

स्वतःचं काय केलं?

जिना चढताना छातीत दाटून यायचं, तर वरच्या मजल्यावरचं दुकान खाली आणलं. म्हणे, "कस्टमरले सोपं जाते."

डावा हात दुखायचा, तर बॅग उजव्या खांद्यावर घेतली.

वहिनीसोबत पंडरीच्या कपडा मार्केटमध्ये फिरायची हौस होती. तीही सोडली. "तू जाऊन ये, मी गाडीजवळ उभा राहतो."

एकेका खोलीला कुलूप. आणि आम्हाला वाटायचं, दादा आता जरा आरामशीर झाला.

एकदा माझ्या घरी दाराच्या पायऱ्या चढला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी ओरडलेच.

"दादा, दवाखान्यात काहून नाही जात तू?"

"मशीनच्या दवाखान्यातच तं राहतो न दिवसभर!" हसत होता. "चालून राहिलं न काम. पाहू."

पाहू.
हा शब्द आता माझ्यानं ऐकवत नाही.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी तो नेहमीसारखा लॅपटॉप चेक करायला गेला. चेहरा घामानं डबडबलेला. डॉक्टर म्हणाले, "मिलिंद भैया, पहले आपका ईसीजी कर लेते हैं."

"हव सर. टेस्ट पूरा हो जाए, फिर."

डॉक्टर आतल्या पेशंटला बघून येईपर्यंत दादा खुर्चीतच कलंडला होता. त्यांनी खूप प्रयत्न केले. काही झालं नाही.

लॅपटॉपची टेस्ट तेवढी पूर्ण झाली.

नंतर डॉक्टर मला म्हणाले, "दीदी, बेड पर कोई नहीं था. बस लेटना था."

मी ती खोली पाहून आले. खुर्चीवरून हात लांब केला तर पलंगाला लागतो.

तेवढं काहून नाही जमलं रे तुले, दादा?

शेवटचा जय भीम.