चिलखती सरदाराची चौकशी

आमच्या घरमालकांचा जगात कशावरच विश्वास नव्हता. स्वतःच्या जन्मतारखेवरसुद्धा नाही. "ती मास्तरनं अंदाजानं टाकलेली हाय," असं ते सांगत. नोकरीनिमित्त श्रीरामपूरला आलो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहू लागलो, तेव्हा त्यांनी माझं ओळखपत्र उजेडात धरून पाहिलं, आणि मग मलाही तसंच, मान तिरकी करून. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची हयात गेली होती. उसाच्या मोळीत दगड दडवणाऱ्यांशी झगडून नजर कायमची बारीक झालेली. दूधवाला माप ओतताना ते दुधाकडे न बघता दूधवाल्याच्या तोंडाकडे बघत. गॅसची टाकी काट्याला टांगल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. दारावर बेल वाजली की आधी "कोन?" आणि उत्तर आलं की "कशावरून?" पुढं पुढं मीच खालून ओरडायचो, "माडीवरचा, आवाज ओळखा!"

मागच्या वर्षी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मागच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या, खाटेला खिळल्या, आणि इकडे घरमालकांनी तपास हाती घेतला. पायरीवर पाणी सांडलं कुणी? धुणंवाली, फरशी बसवणारा गवंडी, शेजारणीची मोलकरीण, सगळ्यांची उलटतपासणी झाली. एक्स-रे हिचाच आहे की दुसऱ्याचा, हे विचारायला ते परत दवाखान्यात जाऊन आले. काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या.

एका सकाळी मी विचारपूस करायला गेलो, तर त्या एकदम म्हणाल्या, "पुणतांब्याला शाळेत होते तवा बाई एक गोष्ट सांगायच्या. विलायतेतल्या चिलखतवाल्या सरदारांची. एक पोरगेला सरदार एका जखमी राजाच्या गढीत जातो. राजाच्या मांडीला जखम, त्याला उठता येत न्हाई. जेवताना समोरून एक चमत्कारी प्याला नेतात. सरदार गप बसतो. सकाळी उठून बघतो, तर गढीत चिटपाखरू न्हाई. पुढलं सांगायच्या आत बाईंची बदली झाली. पडल्या पडल्या तीच गोष्ट डोक्यात घोळती."

"मोबाईलवर बघू," मी म्हणालो.

"मोबाईलमदी कुनीबी कायबी लिवतं," घरमालक दारातून म्हणाले. "पुस्तकाचं तसं नसतं. ते कपाटातून पळून जात न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही गावातल्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसू लागलो. मराठी ज्ञानकोशात या सरदारांवर मोजक्या ओळी होत्या. त्या त्यांना फार संशयास्पद वाटल्या. "थोडक्यात सांगनारा मानूस कायतरी दाबतो." मग इंग्रजी कोशांचे जाडजूड खंड, दंतकथांचा कोश, शस्त्रांचा सचित्र कोश. मी वाचून मराठीत सांगायचो आणि ते शब्दकोश उघडून मी खरं सांगतोय का ते बघायचे. ग्रंथपाल बाईंना मात्र घरमालकांचाच संशय. त्यांनी पान उलटलं की बाई मान उंचावत. चिलखताचं चित्र बघून ते म्हणाले, "एवढं लोखंड घालून घोड्यावर चढतंय कोन? घोड्याचं वजन कुटं लिवलंय?" एका खंडात प्याला एका सरदाराला मिळतो, दुसऱ्यात भलत्यालाच. त्यावर ते खूश. "जबानी जुळत न्हाई! समदे मिळालेले हायत."

अखेर तो पोरगेला सरदार सापडला. कोशात लिहिलं होतं की फार प्रश्न विचारू नयेत अशी त्याला शिकवण होती, म्हणून तो गप्प राहिला. प्रश्न विचारला असता, तर राजा तिथंच बरा झाला असता. घरमालक टेबलावर हात आपटून म्हणाले, "चौकशी केली न्हाई! असला कसला सरदार?" बाईंनी मान उंचावली.

"प्रश्न कोनता हुता?"

इथंही जबान्या जुळेनात. एका कोशात होतं, 'हा प्याला कोणासाठी?' दुसऱ्यातलं मी वाचलं आणि मराठीत सांगितलं, "तुम्हाला काय होतंय?"

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी शब्दकोश ओढला, उघडला आणि तसाच मिटला. बराच वेळ ते खंडाच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग टोपी घालून उठले. वाटेत स्टँडजवळ फळवाल्यानं हाक मारली. एरवी त्यांनी त्याच्या काट्याखाली वाकून बघितलं असतं. त्या दिवशी थांबलेसुद्धा नाहीत.

आम्ही घरात शिरताच काकूंनी मान वळवली. "सापडलं का?"

घरमालक खाटेजवळ उभे राहिले. आयुष्यभर ज्याला-त्याला प्रश्न विचारलेल्या त्या माणसाला हा एक प्रश्न जमेना. दोनदा खाकरले. मग म्हणाले, "तुला काय हुतंय?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"पाय न्हाई एवढा दुखत," त्या सावकाश म्हणाल्या. "भ्या वाटतं. आता आपन उठतच न्हाई असं वाटतं. आन तुमी दिसभर पायरीच बघता."

घरमालक खुर्ची ओढून बसले. मी गुपचूप माडी चढलो. खालून काकूंचा आवाज येत होता, मध्ये थांबत, पुन्हा सुरू होत. घरमालकांचा आवाज मला ऐकू आला नाही.

काकू नंतर काठी धरून अंगणापर्यंत येऊ लागल्या. पुढं माझी मिरजगावला बदली झाली. सामान टेम्पोत चढवल्यावर निरोप घ्यायला खाली गेलो, तेव्हा दोघं ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. निघाल्यावर वाटेत लक्षात आलं, की गोष्टीचं पुढं काय झालं ते आम्ही काकूंना सांगितलंच नव्हतं. त्यांनीही पुन्हा कधी विचारलं नाही.