आतेचा धवला, कॅमेऱ्यासमोर

नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका नव्या स्पर्धेची भर पडली. विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेला म्युझिक व्हिडिओ, पाच मिनिटांच्या आत. केबलवर तेव्हा दिवसभर पॉप अल्बमची गाणी चालायची आणि आम्हाला ती पाठ होती. म्हणजे गाणी नव्हेत, चित्रं. पोरगा गिटार घेऊन डोंगरावर उभा. वारा फक्त त्याच्या केसांना. पोरगी पांढऱ्या कपड्यांत, कधी जीपमध्ये, कधी पडक्या किल्ल्याच्या खिडकीत, आणि तिला नेमकं काय झालंय हे शेवटपर्यंत कळत नाही. खाली डाव्या कोपऱ्यात गाण्याचं नाव. ज्याच्या घरी केबल होती तो प्रत्येक जण या विषयातला जाणकार होता, आणि मी तर स्वतःला जरा जास्तच समजत होते.

आमचा गट तिघांचा. गिटार वाजवणारा एक वर्गमित्र, मी आणि माझी मैत्रीण. मी नेरूळच्या सोसायटीतली, वडील मंत्रालयात क्लार्क. मैत्रीण घणसोली गावातली, आगरी. पहिल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत ती कॉलेजच्या हॉलमध्ये बोलायला उभी राहिली होती. भाषण तयार केलेलं होतं, पण घाबरल्यावर माणूस घरच्या बोलीत जातो तशी ती गेली. हॉल हसला. तिने अर्धं वाक्य तसंच सोडलं आणि खाली उतरली. त्यानंतर दोन वर्षं ती वर्गात छापील मराठीत बोलायची, तेही विचारलं तरच. त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसून मीही हसले होते. हे तिला माहीत होतं. तरीही ती माझी मैत्रीण झाली, हा तिचा मोठेपणा, माझं त्यात काही नाही.

गिटारवाल्याचा व्हिडिओ डोक्यात तयार होता: पारसिकचा डोंगर, लांब कोट, आणि संध्याकाळ. कोट त्याने मामेभावाकडून आणलासुद्धा होता. मैत्रीण मग म्हणाली, "माझ्या आतेचा धवला घेऊ या."

धवला म्हणजे आगरी लग्नातलं गाणं, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. तिच्या धवल्याशिवाय घणसोलीतल्या त्यांच्या भावकीत लग्न पुढे सरकत नाही. आते गावातली जाणती धवलारीण होती. मैत्रिणीला बक्षीस नको होतं. ज्या हॉलने तिला खाली उतरवलं, त्याच हॉलमध्ये आतेचा आवाज, आतेच्या बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. तिने हे असं बोलून दाखवलं नाही. पण मला कळलं, आणि त्या क्षणी मी ठरवलं की हे होणार. मी हट्टी आहे. आई म्हणायची, हिच्या डोक्यात शिरलं की मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही.

गिटारवाल्याला पटवायला दोन दिवस लागले. त्याचं म्हणणं, म्हातारी बाई असलेला म्युझिक व्हिडिओ असतो का? आणि कोळीगीतांच्या कॅसेटवर असतात तशा होड्या, टोपल्या, ठुमके आपल्याला घालायला लागतील. मी म्हटलं, ना डोंगर, ना टोपली. आते जशी बसते तशी बसेल, कॅमेरा तिच्यासमोर. तू मागे दोन-तीन तारा छेड. तो म्हणाला, मग कोटाचं काय? शेवटी कोटाला आम्ही वीस सेकंद दिले. अगदी सगळेच नियम मोडून भागत नाही.

आतेकडे गेलो तेव्हा ती ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी टेपरेकॉर्डर पुढे ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरी, नवरी नाय, मांडव नाय, न धवला कोनाला बोलू? भिंतीला?"

मैत्रिणीने तिला समजावलं, कॉलेजचं आहे, थोडंसंच म्हण. आते सुकट निवडत राहिली. "मी काय रेडू हाय, बटन दाबला न वाजला?"

झालं. तिचा नियम तिने कुणासाठी वाकवला नव्हता, आमच्यासाठी का वाकवावा? समोर नवरी बसलेली पाहिजे, तिला हळद लागलेली पाहिजे. मग मैत्रिणीच्या चुलत बहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर होतं, ते आम्ही धरलं. लग्नाच्या शूटिंगला कोपरखैरण्याचा एक जण येणार होता. साताऱ्याकडचा, मिशीवाला, दुकानात दोन व्हीसीआर आणि एक मिक्सिंगचं मशीन. मी त्याच्याकडे तीनदा गेले. आतेचा धवला न कापता घ्यायचा, कॅमेरा तिच्या तोंडावर ठेवायचा, मधे वऱ्हाडाकडे वळवायचा नाही, लाइट तिच्या डोळ्यांवर मारायचा नाही. त्याने सगळं वहीत लिहून घेतलं. "टेन्शन घेऊ नका, ताई. तुम्ही म्हणाल तसं."

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात आते नवरीसमोर बसली आणि तिने सुरुवात केली. आवाज गोड वगैरे नव्हता. खरखरीत होता, पण त्याला घाई नव्हती. ती एकेका देवाला लग्नाचं बोलावणं देत होती. देव झाल्यावर शेतांना बोलवायला लागली. मैत्रीण माझ्या कानाशी सांगत होती, हे शेत गेलं, हेही गेलं, इथं आता सेक्टर आहे, तिथं स्टेशन होणार. गेलेल्या एकेका शेताला आते नाव घेऊन लग्नाला या म्हणत होती. मला भयंकर लाज वाटली. असंच कुणाचं तरी शेत भरून उभ्या केलेल्या बिल्डिंगमध्ये मी लहानाची मोठी झाले होते आणि त्या शेताचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. शूटिंगवाला मात्र शब्दाला जागला. साडेचार मिनिटं कॅमेरा हलला नाही.

दहा दिवसांनी त्याने कॅसेट दिली. मैत्रिणीच्या घरी आम्ही भाड्याचा व्हीसीआर आणून ती लावली. नवरीचं चित्र बदामाच्या आकारात आलं, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, बदाम फिरला आणि आते दिसली. सुंदर दिसत होती. तोंड हलत होतं. आणि आवाज येत होता एका सिनेमातल्या गाण्याचा, नवरा-नवरी बर्फात पळतात तसल्या.

आम्ही कॅसेट पुढे नेली, मागे नेली. सगळीकडे सिनेमाची गाणी. तसेच धडपडत कोपरखैरण्याला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "ताई, लग्नाच्या कॅसेटमध्ये आवाज कोण ठेवतं? भांडी वाजतात, पोरं रडतात. त्यावर गाणी टाकायचीच असतात." मग मूळ कॅसेट द्या. ती त्याने मिक्सिंग संपताच कळंबोलीच्या साखरपुड्याला पुन्हा वापरली होती. सगळेच वापरायचे.

त्याच्यावर ओरडावं असं फार वाटलं. पण चूक माझी होती. कॅमेरा कुठे ठेवायचा, लाइट कुठे मारायचा, सगळं मी सांगितलं. आवाज ठेवा, हे सांगितलंच नाही, कारण गाण्याचं शूटिंग म्हटल्यावर त्यात गाणं असणारच असं मी धरून चालले होते. टीव्हीवरची चित्रं पाठ करणाऱ्या पोरीला हे शोभून दिसलं. मैत्रीण रिक्षात फक्त म्हणाली, "राहू दे." छापील मराठीत म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं.

गॅदरिंगला आठ दिवस होते. पौष लागला होता, लग्नं थांबली होती, पुढची नवरी माघात. गिटारवाल्याने लगेच कोटाचा विषय काढला. मी त्याला म्हटलं, तू जरा गप्प बस. आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, परत घणसोली गाठली.

आतेला मी सरळ सांगितलं, की माझ्या चुकीने तुमचा आवाज गेला. तुमची नवरी मात्र आहे. भाचीच्या घरी बघायला येता का?

आते आली. आधी तिला वाटलं मी थट्टा करते. मग टीव्हीवर मांडव दिसला आणि नवरी दिसली, पिवळी, मान खाली घातलेली. आवाज आम्ही बंद ठेवला होता. आते बराच वेळ बघत राहिली. मग उठून आत गेली, हातपाय धुतले, लुगडं नीट केलं, आणि वाटीत हळद कालवून बाहेर आली. टीव्हीच्या काचेवर, नवरीच्या कपाळाच्या जागी, तिने बोट टेकवलं. गिटारवाला मधे बसला होता, त्याला म्हणाली, "सरक, नवरी दिसत नाय."

मी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि आते गायला लागली.

पण मांडवात तिने देवांपासून सुरुवात केली होती, आणि आज तिने शेतांपासून केली. पडद्यावरची आते तोंड मिटायची तेव्हा ही आते गात असायची. पडद्यावरची हात उचलायची तेव्हा ही श्वास घ्यायची. मी हळूच म्हणायला गेले, आते, तोंड बघून... मैत्रिणीने माझा हात दाबला. धवला पाठ केलेला नसतो. समोरची नवरी बघून जे आधी सुचतं ते आधी घेतलं जातं. आतेला पडद्यावरच्या आतेशी काही घेणंदेणं नव्हतं. ती नवरीकडे बघत होती.

दुकानात दोन दिवस बसून आम्ही आवाज चित्राला चिकटवला. पुढे सरकवून पाहिला, मागे सरकवून पाहिला. कुठेच जुळेना. शूटिंगवाल्याला मनापासून वाईट वाटत होतं. तो म्हणाला, "तोंडावर गुलाब टाकू का? कळायचं नाही." मला हसू आलं आणि रडूही. म्युझिक व्हिडिओचा पहिला नियम असा की गाणं आधी तयार होतं आणि मग गाणारा त्यावर ओठ हलवतो, इतके बरोबर की पाहणाऱ्याला खरंच गातोय असं वाटावं. आमच्याकडे दोन्ही वेळा ती खरंच गात होती, आणि म्हणूनच खोटं वाटत होतं. मी मैत्रिणीला विचारलं, काय करायचं. ती म्हणाली, "आहे तसं. गुलाब नको." डाव्या कोपऱ्यात आम्ही आतेचं नाव टाकलं, अगदी टीव्हीवर टाकतात तसं. कोटाचे वीस सेकंदही टाकले.

गॅदरिंगच्या दुपारी हॉल भरलेला होता. परीक्षक बाहेरचे, गाण्यांचे व्हिडिओ करणारे, गळ्यात रुमाल. आमच्याआधी चार व्हिडिओ झाले, चारही डोंगरावर. मग आमचा. कोट आला तेव्हा शिट्ट्या पडल्या. आते आली, आवाज सुरू झाला, ओठ वेगळे हलले, आणि हॉल हसायला लागला. आधी मागच्या रांगा, मग सगळेच. धवला त्या हसण्याखाली संपला. शेतांपैकी एकाचंही नाव कुणाला ऐकू गेलं नसेल.

परीक्षकांनी माइक घेतला. प्रामाणिकपणे म्हणाले, विषय चांगला आहे, चेहरा चांगला आहे, पण आमच्या लाइनमध्ये लिप-सिंक चुकलं की पुढचं कुणी बघत नाही. मी विंगेत व्हीसीआरपाशी उभी होते.  सगळं माझ्यामुळे झालं होतं, आणि आता जाऊन सांगावं म्हणून मी पाऊल उचलणार, तेवढ्यात मैत्रीण समोरच्या पायऱ्यांवरून स्टेजवर चढली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने परीक्षकांसमोर हात पुढे केला आणि त्यांनी, काय करावं न सुचून, माइक तिला दिला.

"ती माजी आते हाय," ती म्हणाली. "तिना धवला दोनदा बोलला. तोंड हाय ते लग्नातला, आवाज हाय तो मंगारचा."

हॉल पुन्हा हसला. या वेळी बोलीला. मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता. ती थांबली. खाली बघितलं नाही, मागे सरली नाही, माइक तोंडापासून थोडा लांब धरून नुसती उभी राहिली. हसणारे दमले. काही जण उगाच खोकले. शेवटी पंख्यांचा आवाज येऊ लागला, तरी ती थांबलेलीच होती.

"आतेनं शेतांची नावं घेतलीन, ती तुमी आयकली नाय," ती म्हणाली. "हसून झाला असंल त परत लावते."

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "रिवाइंड कर."

मी बटण दाबलं. कॉलेजच्या जुन्या व्हीसीआरला कॅसेट सुरुवातीला न्यायला चांगली दोन मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ माझी मैत्रीण स्टेजवर उभी होती आणि पूर्ण हॉल तिच्यासमोर गप्प बसून होता.