वंदनाची अर्धी माशी

वंदना गेल्याचं कळलं तेव्हा मी सौंसरच्या आमच्या बागेत गळालेली संत्री वेचत होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, प्रकाशचा होता. तो फोनवर आधी पाऊसपाण्याची चौकशी करतो, मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी चौकशी केली नाही. "कुसुमताई, बाई गेली," एवढंच म्हणाला. घरात सगळे वंदनाला बाईच म्हणत. तिचं हृदय गेली काही वर्षं कुरकुरत होतं, गोळ्या चालू होत्या, पण अंथरूण धरलेलं नव्हतं. सकाळी चहा घेतला, पेपर चाळला आणि खुर्चीतच मान टाकली. मी हातातली फळं टोपलीत टाकली, साडी बदलली आणि पांढुर्ण्याची बस धरली. बसमध्ये मला रडू आलं नाही, राग आला. आदल्याच आठवड्यात तिनं पोळ्यानंतर आमच्याकडे राहायला यायचं कबूल केलं होतं, आणि ती शब्द मोडणारी बाई नव्हती...

आम्ही दोघी पांढुर्ण्याच्या कॉलेजात एकाच वर्षी लागलो. मी मराठी शिकवायचे, ती प्राणिशास्त्र. आमच्या सीमाभागात पाट्या हिंदी आणि भांडणं मराठी, त्यामुळे माझ्या वर्गात पोरं कमी आणि तिच्या वर्गात जास्त. तिचे वडील तिगावला रेल्वेत गँगमन होते, तिचं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. पुढे नागपुरात शिकून तिनं माश्यांवर डॉक्टरेट केली. त्यांच्या वस्तीतली ही पहिली डॉक्टर, म्हणून सुरुवातीला लोक तापाची गोळी मागायला दारात उभे राहत. मग कळलं की ही माश्यांची डॉक्टर आहे, तेव्हा वेगळीच थट्टा सुरू झाली. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं, मॅडम कुठं आहेत, की ठरलेलं उत्तर मिळायचं, माश्या मारून राहिल्या. वंदना यावर कधी चिडली नाही. मीही एकदा आमच्या बागेतल्या फळमाशीवर औषध विचारलं, तर म्हणाली, "मले मेलेल्या माश्या समजते वो, जित्या नाई समजत."

मेलेल्या म्हणजे किती मेलेल्या, हे मला ती दगड घेऊन आली तेव्हा कळलं. नागपूरच्या भूगर्भशास्त्राच्या मंडळींबरोबर ती गडचिरोलीच्या खाली, प्राणहितेच्या खोऱ्यात गेली होती. तिथून पिवळट चुनखडीच्या फरश्या टेम्पोत घालून आणल्या. हा दगड वहीच्या पानांसारखा थराथरानं सुटतो. ती सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून छिन्नीनं एकेक थर उकलायची आणि भिंग लावून पाहायची. बहुतेक फरश्यांत काही नसायचं. कधी माशाचा खवला, कधी पानाचा तुकडा. एके दिवशी मला बोलावून तिनं भिंग हातात दिलं. तांदळाच्या दाण्याएवढा एक तपकिरी डाग, आणि त्याला चिकटलेला पंख, त्यावर बारीक रेघा. ज्युरासिक काळातली माशी. डायनासोर हिंडत होते तेव्हाची, आपल्या पांढुर्ण्याचा काळा दगड लाव्हा होऊन वाहिला त्याच्याही पुष्कळ आधीची. त्या काळी फुलं होती का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नव्हती, निदान तिथं तरी सापडलेली नाहीत. संत्री नाहीत, आंबे नाहीत, मिठाईचं दुकान नाही, मग ही बसत कशावर होती? वंदना खूप वेळ हसली. मग गंभीरपणे म्हणाली की हाच तर तिचा प्रश्न आहे.

दगड उकलला की माशीचे दोन भाग होतात, हे तिनं मला त्या दिवशी समजावलं. एका फरशीवर अंग आणि पंखाचं टोक राहिलं होतं, समोरच्या फरशीवर डोकं आणि पंखाचं मूळ. माशीची जात ओळखायची ती पंखाच्या शिरांवरून, आणि त्यातही मुळाशी शिरा कशा फुटतात यावरून. आजवर जगात कुणीही वर्णन केलेल्या तशा सगळ्या माश्यांशी ताडून पाहायचं, फरक सापडला तर तो शब्दांत मांडायचा, नाव द्यायचं, आणि तो दगड अशा ठिकाणी ठेवायचा की उद्या कुणीही येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहू शकेल. यातली शेवटची अट तिला फार महत्त्वाची वाटायची. वंदनाचा पहिल्या दिवसापासून अंदाज होता की ही माशी नवी आहे. तिनं दोन्ही तुकड्यांची पेन्सिलीनं चित्रं काढली. पहिला, अंगाचा तुकडा लहान होता, तो कपाटात गेला. दुसरा, पंखाच्या मुळाचा, दारातल्या पायरीएवढा. तो कापून लहान करायचा होता, कापायचं यंत्र नागपुरात होतं. तोवर तो ओट्यावर इतर फरश्यांबरोबर भिंतीला टेकून, पोत्याखाली राहिला.

आता पुढची गोष्ट पांढुर्ण्याबाहेरच्या माणसाला सांगताना मी जरा थांबते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, अलीकडून पांढुर्ण्याचे आणि पलीकडून सावरगावचे लोक एकमेकांवर गोटे मारतात. चांगलं की वाईट, यावर दर वर्षी चर्चा होते आणि दर वर्षी गोटमारही होते. त्या साली वंदना पहिला तुकडा घेऊन नागपूरला गेली होती, तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायला. पोळ्याच्या दिवशी गल्लीतली मंडळी हातगाडी घेऊन गोटे गोळा करत फिरली. आमच्या प्रकाशनं ओट्यावरचं पोतं बाजूला सारलं आणि त्याला वाटलं, बाईनं यंदा गावासाठी चांगला साठा करून ठेवला. त्याला अभिमानच वाटला. स्वतः उचलून फरश्या गाडीवर चढवल्या, घण मागवून फोडूनही दिल्या. इतकी मनापासून केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वंदना परत आली. रिकामा ओटा पाहिला, प्रकाशला विचारलं, त्यानं कौतुकानं सांगितलं. ती ओट्यावर बसून राहिली. मग तिनं मला फोन केला आणि शांतपणे म्हणाली की उद्या नदीवर ये, पायात बूट घाल. आमचा नदीतला दगड सगळा काळा, त्यामुळे पिवळे तुकडे लांबूनही दिसत होते. आम्ही दोघी आणि मान खाली घातलेला प्रकाश, असे तिघं वाकून वेचत राहिलो. पाहणाऱ्यांना वाटलं, मास्तरणींना वेड लागलं. दुपारी पूल ओलांडून सावरगावात गेलो. तिथं एका म्हातारीनं आपल्या अंगणातून चार पिवळे तुकडे काढून दिले आणि म्हणाली, "तुमच्या गावचा गोटा आमच्या छपराच्या कवेलूवर पडला. घेऊन जाय बाई, आमच्याकडे आमचे आहेत." वंदनानं प्रत्येक तुकडा भिंगाखाली धरला. माशाचे खवले मिळाले, पानं मिळाली. पंखाचं मूळ मिळालं नाही. आठवड्यात मोठा पाऊस झाला, जामला पूर आला, आणि शोध थांबला.

आमचं एकच खरं भांडण झालं, ते त्यानंतर. मी म्हटलं, तू तो तुकडा पाहिला आहेस, चित्र काढलं आहेस, त्यावरून लिहून टाक. तुझ्या शब्दावर कोण शंका घेणार? ती कपबशा विसळत राहिली. मी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

"मी पाह्यलं, हे खरं आहे. पण उद्या कोणी पाह्याले आलं तं त्याले काय दाखवू? कागद दाखवू? म्हणू का, माह्यावर इस्वास ठेव?"

मी म्हटलं, "मग ही माशी तशीच राहील, बिननावाची."

"राहू दे. इतकी वर्षं राहिलीच ना."

त्या माशीवर तिचं काय अडलं होतं, हे मला माहीत होतं. बढती अडली होती, पण ती गोष्ट तिनं मनाला लावून घेतली नाही. तिला आयुष्यात एकदा एक गोष्ट जगात पहिल्यांदा सांगायची होती, बस. आणि ती सांगता येत असताना, हातात चित्र असताना, ती गप्प बसली. मला तेव्हा हा हट्ट वाटला. आजही पूर्ण पटतो असं नाही.

वर्षं गेली. ती प्राणहितेच्या खोऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊन आली, तशी माशी परत मिळाली नाही. इकडे मात्र गावात एक वेगळीच रीत पडली. बाईंचा पिवळा गोटा हरवला, ही बातमी सगळ्यांना ठाऊक झाली होती. गोटमार संपली की दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी पिवळा दगड घेऊन ओट्याशी हजर. सावरगावचेही यायचे. त्यातले फार थोडे तिच्या फरश्यांचे तुकडे असत. बाकी कुणी विटेचा तुकडा आणायचं, कुणी फुटकी टाइल, एकानं तर वाळलेला साबण आणला. वंदना प्रत्येकाला बसवायची, भिंग काढायची आणि साबणसुद्धा उलटासुलटा करून पाहायची. मी वैतागायचे. ती म्हणायची, माणूस नदी ओलांडून आला आहे, न पाहता कसं सांगू?

निवृत्त झाल्यावर तिनं पहिला तुकडा पुन्हा बाहेर काढला. नागपुरात आता चांगला कॅमेरा आला होता. त्याखाली पंखाच्या मध्यावर एक शीर दिसली, ती टोकाकडे जाण्याआधी फुटत होती. तशी शीर त्या कुळात आधी कुणी नोंदवलेली नव्हती. तेवढ्या आधारावर ती लिहायला बसली. लेखात पंखाच्या मुळापुढे तिनं लिहिलं, 'माहीत नाही'. दुसऱ्या तुकड्याचं चित्र घातलं नाही. तो तुकडा हरवला आहे, असं एक वाक्य लिहिलं. तपासणाऱ्या परदेशी विद्वानानं विचारलं की कसा हरवला. आम्ही दोघींनी एक अख्खी दुपार गोटमार इंग्रजीत समजावण्यात घालवली आणि शेवटी 'चुकून नेला गेला' एवढ्यावर भागवलं. मी विचारलं, उद्या कुणाला मूळ सापडलं आणि ही माशी नवी नाहीच असं ठरलं तर? ती म्हणाली, मग तसं लिहितील, लिहायलाच पाहिजे.

नवीन जातीला नाव द्यायचं होतं. घरच्यांना वाटलं ती वडिलांचं देईल. तिनं दिलं प्रकाशचं. माशीच्या शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द 'प्रकाशी'. प्रकाशला बाजारात लोकांनी महिनाभर छळलं, काय माशीभाऊ म्हणून. तो मला एकदा म्हणाला, "तिनं मले कधी एका शब्दानं बोललं नाई, ताई. बोलली असती तं बरं झालं असतं." नाव दिल्यावर मात्र त्याचं हे दुखणं कमी झालं असावं, कारण तो छापलेला लेख त्यानं प्लास्टिकमध्ये घालून बैठकीत लावला, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली.

यंदा पोळा झाला, गोटमार झाली. वंदनाला जाऊन तेव्हा काही आठवडे उलटले होते. दुसऱ्या दिवशी मी पांढुर्ण्याला गेले, प्रकाशला एकटं वाटेल म्हणून. बाई राहिली नाही हे दोन्ही गावांना माहीत होतं, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सावरगावचे लोकसुद्धा येऊन गेले होते. तरी सकाळी ओट्यावर पिवळे दगड ठेवलेले होते. कुणी आणले, कळलं नाही. तिला दाखवायला कुणी थांबलं नव्हतं, नुसते ठेवून गेले होते. प्रकाश म्हणाला, "काय करू याचं? फेकवत नाई."

मी तिच्या खोलीतून भिंग आणलं आणि तिच्या जागी बसले. एक विटेचा तुकडा होता, तो बाजूला ठेवला, पण आधी पाहिला. बाकीचे चुनखडीचे. एकेक उलटवत गेले. मला काही कळत नव्हतं, तिच्याशेजारी इतकी वर्षं बसून जेवढं डोळ्यांना लागलं तेवढंच. शेवटच्या एका तुकड्यावर, कडेला, एक बारीक तपकिरी रेघ होती. मी ती खूप वेळ पाहिली. उन्हात धरली, सावलीत धरली. मला तो पंख हवा होता. आयुष्यात मला दुसरं काही इतकं हवं झालं नसेल. तिनं सोडलेलं वाक्य मी पुरं केलं असतं, प्रकाशच्या मनातला काटा कायमचा निघाला असता, आणि आम्हाला खोडून काढायला गावात दुसरं कुणी नव्हतं. प्रकाश समोर उभा होता.

"दिसलं का, ताई?"

"रेघ आहे," मी म्हटलं. "पंख म्हणता येत नाही."

त्यानं मान हलवली आणि दगड माझ्या हातातून घेऊन आत नेला. मग मला रडू आलं.