गादीला पाठ नाही

राजवाडा पाहायचा, हा बाबांचाच हट्ट. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पुन्हा पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी माझी गत. मला सपाट जमीनही निसरडी दिसते. भाऊ नेतो म्हणत होता, पण बाबांनी मलाच सोबत यायला लावलं. धानोऱ्याहून निघाल्यापासून त्यांचा दंड मी सोडला नव्हता, आणि चिडचिडही.

राजवाड्याचं आता संग्रहालय झालं आहे. तलवारी पाहिल्या, भुसा भरलेला वाघ पाहिला. मग तीन पायऱ्या चढून दरबारात गेलो. पायऱ्यांखालीच बाबांनी चपला काढल्या.

आत दोरीपलीकडे रिकामी गादी. बाबांनी जमिनीला हात लावून नमस्कार केला, आणि वळायचं सोडून तसेच मागे सरकू लागले. दसऱ्याला आमच्या गावचे लोक राजाच्या भेटीला यायचे, ते गादीला पाठ न दाखवता परतायचे, हे मी ऐकून होते. पण आज? आणि या खुब्यानं?

"बाबा, वळा. इथी राजा नाई आता."

"गादी आहे ना!"

मागे काचेचं कपाट, त्यापुढे त्या तीन पायऱ्या. पहारेकरी ओरडला, "ओ बाबाजी, पीछे देखो!" मी दंड धरून ओढलं, तर त्यांनी हात झटकला आणि त्यांचा झोक गेला. आता ओढलं तर मीच पाडीन, एवढं कळलं. मी मागे गेले आणि दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर टेकवले. सदरा घामानं भिजला होता.

"काच आहे, जरा डावीकडे. थांबा. आता पायरी."

त्यांची टाच हवेत चाचपत राहिली. तेवढ्यात मी माहीत असलेले सगळे देव आठवले. एक उतरले. दुसरी. तिसरी.

खाली बाकावर बसवलं आणि मी फुटलेच. "पडले असते म्हंजे? काऊन असा घोर लावता मले?"

बाबा चक्क हसत होते. "माया बापाले दिसे नाई. दसऱ्याले इथी आला का मी असाच मांगं राहो, पाठीले हात लावून. मांगं कोनी नसलं का तो येतच नव्हता."

मी खाली बसून त्यांच्या पायांत चपला घालत होते. वरून आवाज आला, "तुया भावाले नाई जमलं असतं. तो हात धरून पुढं ओढते. म्हनून तुले आनलं."

दिवसभर मी समजत होते, मीच त्यांना सांभाळून आणलंय. मला रडूच आलं. बाबा उठले, आणि मी दंड न धरता त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.