सुट्टीचा वार

विभक्त राहणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी नाशिकमध्ये एक भेटीचं केंद्र आहे. मूल ज्याच्याजवळ राहत नाही त्या पालकाने तिथे यायचं आणि दोन तास मुलासोबत घालवायचे. मी तिथे मानसशास्त्रज्ञ म्हणून जाते. भेटीचा वार रविवार ठरलेला होता. लागोपाठ तीनदा पालक आला नाही तर त्याला मुलात रस नाही असं समजून भेटी बंद.

दुसरीतली एक मुलगी आईचं बोट धरून यायची. तिचे वडील सातपूरला कारखान्यात. गेले दोन रविवार ते आले नव्हते. मुलगी दाराकडे पाठ करून बसायची आणि खेळणी दिली की बाजूला सारायची. तिची आई मला म्हणाली, "मी काही तिच्या मनात भरवलेलं नाही, मॅडम. त्यांना शनिवारी सुट्टी असते, रविवारी कामावर जावं लागतं, हे मीच तिला सांगते. पण तिला पटतच नाही."

"सुट्टी रविवारीच असते," मुलगी ठासून म्हणाली.

केंद्राचे नियम करणाऱ्या समितीचंही नेमकं हेच मत होतं. सगळे कचेऱ्यांत बसणारे. सातपूरच्या कितीतरी कारखान्यांत शनिवारी सुट्टी असते, हे या शहरात जन्म काढूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझे वडील तिथेच कामाला होते. आमच्याकडे रविवारी सकाळी डबा भरला जायचा आणि ते निघाले की मी रुसून बसायचे.

त्या आठवड्यात समितीने मला बोलावलं, 'बालमनावर दोन शब्द' बोलायला. मी वारावर बोलू लागले तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही मनाचं सांगा. वाराचं आम्ही बघतो."

माझं डोकंच फिरलं. "मनाचंच सांगतेय," मी म्हटलं. "सात वर्षांच्या मुलाला शिफ्ट कळत नाही. आपले वडील आले नाहीत, एवढंच कळतं. मग आपलंच काहीतरी चुकलं असेल असं ते धरून चालतं. तुम्ही वडिलांना गैरहजर लिहिता आणि मूल स्वतःला नकोसं समजतं."

एका सदस्याने विचारलं, शनिवारी शाळेचं काय? शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी, मी सांगितलं. बरीच खळखळ झाली. कर्मचारी कुठून आणायचे, चावी कोणाकडे ठेवायची, यावर चहाचे दोन कप गेले. शेवटी केंद्र शनिवारी दुपारीही उघडायचं ठरलं आणि त्या मुलीची पुढची भेट लगेच त्या शनिवारी लागली.

वडील वेळेच्या आधीच आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊचा पुडा. मला म्हणाले, "बोलंल ना मॅडम ती माझ्याशी?" मला खरंच सांगता येईना.

मुलगी आली आणि त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "पप्पा, आज सुट्टी आहे तुम्हाला?"

"हाय ना. दर शनिवारी असती."

तिचा चेहरा रडवेला झाला. "मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून आई खोटं सांगते."